बाकावरच्या पोराला खेळवायचं कधी? माझा पहिला फँटसी फुटबॉल सीझन

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना ऑगस्टमध्ये कधी ना कधी ऑफिसातून तो निरोप येतोच: लीगमध्ये एक जागा रिकामी आहे, येणार का? शार्लटला आल्यापासून मी दरवर्षी तो न वाचल्यासारखा करत होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये हो म्हटलं. कारण अगदी व्यावहारिक होतं. सप्टेंबर ते डिसेंबर सोमवारच्या मीटिंगची सुरुवातीची गप्पांची वेळ याच विषयात जाते आणि मी आपली कॅमेऱ्याकडे बघून मंद हसत बसायचे. त्याचा कंटाळा आला होता.

सीझन आता, म्हणजे २०२५ च्या सुरुवातीला, संपला आहे. दरम्यान माझ्यासारख्याच दोघीतिघींनी विचारलं की हे सगळं कळतं तरी कसं, म्हणून लिहिते आहे. पण पूर्ण खेळ समजावण्याऐवजी ज्या एका प्रश्नाने माझे चार महिने खाल्ले त्याबद्दलच सांगते: नवखा रनिंग बॅक (अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) आपल्या संघात घेतला, आता त्याला बाकावरून उठवून प्रत्यक्ष खेळवायचा कधी? माझ्या बाबतीत हा पोरगा होता टँपा बे बकनिअर्सचा बकी अर्व्हिंग.

ज्यांना ड्रीम ११ माहीत आहे त्यांना अर्धं समजलंच. फरक असा की तिथे सामन्यागणिक नवा संघ करता यायचा. इथे ऑगस्टच्या शेवटी सगळे एकत्र बसून खेळाडू वाटून घेतात, एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही, आणि मग नाताळापर्यंत बहुतेक त्याच पंधरा जणांबरोबर संसार. खेळाडूने खऱ्या सामन्यात जे केलं त्याचे गुण तुम्हाला. दर आठवड्याला लीगमधल्या एकाशी तुमची लढत. (ही कल्पना १९६२ मध्ये ओकलंड रेडर्सचे एक भागीदार बिल विंकेनबाख आणि त्यांच्या मित्रांनी काढली. त्या काळी हिशेब कागदावर करायचे. आज ॲप करतं, तरी आमचा कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा, वेगळी एक्सेल शीट ठेवतोच.)

आमची लीग बारा जणांची. प्रवेश फी ५० डॉलर. पहिल्या दोघांना बक्षीस, तिसऱ्याला फी परत, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. गुण असे: धावून किंवा झेल घेऊन मिळवलेल्या दर १० यार्डांना एक, टचडाउनला (चेंडू घेऊन गोलरेषेपलीकडे पोचलं की) सहा, प्रत्येक झेलाला एक, चेंडू हातातून सुटून प्रतिस्पर्ध्याकडे गेला तर उणे दोन. झेलाला गुण आहे की नाही, अर्धा आहे की पूर्ण, हे फी भरायच्या आधी विचारून घ्या. रनिंग बॅकची किंमत त्यावर खूप बदलते.

रनिंग बॅक म्हणजे चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसणारा गडी. यांचा तुटवडा का असतो त्याचा हिशेब सोपा आहे. एनएफएलमध्ये, म्हणजे खऱ्या व्यावसायिक स्पर्धेत, संघ बत्तीस, आणि बहुतेक संघांत भरवशाचा रनिंग बॅक एकच. आमच्या लीगमध्ये प्रत्येकाला दर आठवड्याला दोन रनिंग बॅक उतरवावे लागतात, म्हणजे चोवीस तिथेच गेले. वर फ्लेक्स नावाची एक मोकळी जागा असते, तीही बरेच जण रनिंग बॅकनेच भरतात. त्यात दर आठवड्याला कुणाचा गुडघा, कुणाचा घोटा. म्हणून ऑगस्टमध्ये ज्यांची नावंही कुणी घेत नाही अशा पोरांवर सगळे डोळा ठेवून असतात.

आमचा ड्राफ्ट, म्हणजे खेळाडूंची वाटणी, १ सप्टेंबरला, लेबर डेच्या सुट्टीतल्या रविवारी संध्याकाळी, ऑनलाइन झाला. एक निवड करायला नव्वद सेकंद. हे नव्वद सेकंद कागदावर पुष्कळ वाटतात. प्रत्यक्षात तुमच्या यादीतली पुढची तीन नावं तुमची पाळी येईपर्यंत लोकांनी उचललेली असतात आणि घड्याळ लाल होतं. यादी मोठी करा, आणि गेलेली नावं खोडायला कागद-पेन्सिल ठेवा. ॲपमधली रांग चालते, पण हाताने खोडलेलं डोक्यात राहतं.

पहिलं नाव गेलं ख्रिश्चन मॅकॅफ्री. २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत तो आमच्या शार्लटच्या पँथर्सचाच होता आणि ऑफिसात अजून त्याची २२ नंबरची जुनी जर्सी घालून येणारे आहेत. पहिल्या सोमवारच्या सामन्याआधीच तो जायबंदी ठरला आणि परतला थेट नोव्हेंबरात. ज्याने घेतला त्याच्यासमोर कुणी विषय काढत नव्हतं. दुसरं स्थानिक प्रेम म्हणजे जॉनथन ब्रुक्स. २०२४ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (जिथे खरे संघ कॉलेजमधले खेळाडू फेरीफेरीने निवडतात) सगळ्यात आधी घेतला गेलेला रनिंग बॅक तो, ४६ वा, आणि घेतला पँथर्सनी. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून तो अजून सावरत होता, तरी त्याच्यासाठी आमच्याकडे चढाओढ लागली. मी त्या भानगडीत पडले नाही.

बाराव्या राउंडला मी अर्व्हिंग घेतला. माझं गणित सांगते, कारण ते कुठल्याही नवख्याला लावता येतं.

आधी त्याच्यापुढे कोण उभा आहे ते पाहिलं. बकनिअर्सचा मुख्य रनिंग बॅक रशाद व्हाइट. २०२३ मध्ये त्याने २७२ वेळा चेंडू घेऊन ९९० यार्ड काढले, म्हणजे सरासरी ३.६. झेल घेण्यात पटाईत, त्या वर्षी ६४ झेल. पण धावण्याची ही सरासरी काही दाराला कुलूप घालणारी नाही. मग मुलाची कॉलेजची कामगिरी. ओरेगनकडून दोन्ही वर्षं हजारावर यार्ड, आणि २०२३ मध्ये ५६ झेल. झेल महत्त्वाचे, कारण जो झेल घेतो त्याला प्रशिक्षक मैदानावर ठेवायला कारण शोधतात. शिवाय आक्रमणाची सूत्रं नवीन लिअम कोएन यांच्या हातात, आणि पुढच्या फळीत मधोमध उभा राहणारा नवा सेंटर ग्रॅहम बार्टन. तो आमच्याच नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूकचा, पहिल्या फेरीत घेतलेला. समोरची फळी चांगली असेल तर मागचा पोरगा हुशार दिसतो.

विरुद्ध बाजूही होती. अर्व्हिंग एनएफएल ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत, १२५ वा गेला. उंची पाच फूट नऊ इंच, वजन १९२ पौंड. चाळीस यार्डांची शर्यत ४.५५ सेकंदांत, जी त्या मापाच्या खेळाडूला काही वेगवान म्हणता येत नाही. चाचण्यांच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे काही विशेष नव्हतं. बाराव्या राउंडला पदरात पडला तो त्यामुळेच. पहिल्या फेरीतला खेळाडू चुकला तरी त्याला संधी मिळत राहते, कारण संघाने त्याच्यावर मोठी गुंतवणूक केलेली असते. चौथ्या फेरीतल्याला ती सवलत नाही. नवख्याचा अंदाज घेताना त्याची निवड कितव्या नंबरावर झाली हे म्हणूनच पाहायचं: गुणवत्ता कळण्यापेक्षा त्याला किती वेळ दिला जाईल ते त्यातून कळतं.

८ सप्टेंबरला पहिला सामना, वॉशिंग्टनविरुद्ध. अर्व्हिंगने ९ वेळा चेंडू घेऊन ६२ यार्ड काढले. व्हाइटने १५ वेळा घेऊन ३१. अर्व्हिंग माझ्या बाकावर होता. सोमवारी मी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि म्हटलं, पुढच्या रविवारी याला खेळवते. आमच्या लीगमधले एक ज्येष्ठ, ज्यांची निवृत्ती जवळ आली आहे आणि जे बहुतेक वेळा गप्पच असतात, म्हणाले, "यार्ड नको बघू. तो मैदानावर किती वेळ होता ते बघ."

तेव्हापासून माझा मंगळवारचा नेम ठरला. प्रो फुटबॉल रेफरन्सवर प्रत्येक सामन्याचे स्नॅप फुकट दिसतात. स्नॅप म्हणजे खेळ सुरू होण्याची एकेक खेप. संघाच्या एकूण खेपांपैकी किती वेळा आपला गडी आत होता ते टक्क्यांत लिहिलेलं असतं. त्याखाली मी स्वतः दोन रकाने वाढवले: एकूण किती वेळा चेंडू त्याच्या हातात आला, आणि गोलरेषेपासून दहा यार्डांच्या आत असताना कुणाला दिला. सप्टेंबरभर चित्र एकच. अर्व्हिंगची सरासरी झकास, पण मैदानावरचा वेळ व्हाइटपेक्षा बराच कमी. तिसऱ्या आठवड्यात डेन्व्हरविरुद्ध पुन्हा ९ वेळा आणि ७० यार्ड. सातव्या क्रमांकावर येऊन दहा चेंडूंत पंचवीस करणारा फलंदाज आपल्याला आवडतो, पण त्याच्या भरवशावर कुणी डाव लावत नाही. नऊ वेळा चेंडू मिळणाऱ्या रनिंग बॅकचं तसंच: एक लांब धाव लागली तर दिवाळी, नाही तर चार गुण.

मग त्याला जास्त का खेळवत नाहीत? ह्याचं उत्तर मला टीव्हीवर दिसत नव्हतं, कारण कॅमेरा चेंडूमागे पळतो. नवख्या रनिंग बॅकला बाहेर ठेवण्याचं एक जुनं कारण म्हणजे क्वार्टरबॅकचं, पास टाकणाऱ्याचं, रक्षण. पास टाकायचा असतो तेव्हा रनिंग बॅकने मागे थांबून धावून येणाऱ्याला अडवायचं असतं. समोरून येणारा अडीचशे पौंडांचा, आपला १९२ चा. शिवाय कुठून येणार हे चेंडू सुटण्याआधी ओळखावं लागतं. ते चुकलं की बकनिअर्सचा क्वार्टरबॅक बेकर मेफील्ड जमिनीवर. फँटसीत या कामाला शून्य गुण आहेत, पण खऱ्या प्रशिक्षकाच्या हिशेबात भरपूर. माझ्या मते नवख्याचं मूल्यमापन करताना लोक सगळ्यात कमी लक्ष देतात ते इथे. तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड गाठायच्या चार संधींपैकी तिसरीला), म्हणजे बहुतेक पासच टाकायच्या वेळी, आपला पोरगा आत राहतो की बाहेर येतो, हे ज्या दिवशी बदलेल त्या दिवशी त्याचे दिवस बदलतात.

ऑक्टोबरात निसर्ग मध्ये आला. हेलीन चक्रीवादळाने पंधरवड्यापूर्वीच आमच्या पश्चिमेला ॲशव्हिलची दैना केली होती, आणि आता मिल्टन टँपाकडे निघालं. बकनिअर्स वादळ यायच्या आधीच न्यू ऑर्लिन्सला गेले आणि टुलेन विद्यापीठाच्या मैदानावर सराव करत राहिले. अशा आठवड्यात आपण रनिंग बॅकच्या स्नॅपची चिंता करतो आहोत याची लाज वाटते, आणि तरी आपण करतोच. १३ ऑक्टोबरच्या सामन्याला पायाच्या दुखापतीमुळे व्हाइट बाहेर. मी अर्व्हिंगला पहिल्यांदा खेळवलं. १४ वेळा, ८१ यार्ड, एक टचडाउन. मी खूश व्हायला हवं होतं. पण त्याच सामन्यात शॉन टकर नावाच्या तिसऱ्याच पोराने १४ वेळा चेंडू घेऊन १३६ यार्ड काढले, वर झेल घेऊनही टचडाउन केला. बकनिअर्सनी ५१ गुण ठोकले आणि मी सोमवारी सकाळी माझ्या रकान्यात तिसरं नाव लिहिलं.

इथे वेव्हरबद्दल सांगते. कुणाच्याच संघात नसलेले खेळाडू आमच्याकडे बुधवारी पहाटे बोलीने मिळतात. प्रत्येकाला सीझनभरासाठी शंभर काल्पनिक डॉलर, बोली गुप्त. त्या बुधवारी टकरसाठी एकाने चाळीसच्या वर मोजले. पुढच्या आठवड्यात व्हाइट परत आला आणि टकरच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. एका सामन्यावर मोठी बोली लावताना एवढंच विचारावं: ज्याच्यामुळे जागा रिकामी झाली तो कधी परत येणार आहे? तो पुढच्या रविवारी येणार असेल तर पैसे खिशात ठेवा.

२१ ऑक्टोबरच्या सोमवारी बाल्टिमोरविरुद्ध क्रिस गॉडविनचा घोटा गेला आणि माइक एव्हन्सची मांडी. संघाचे दोन्ही मोठे रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, एकाच रात्री. लीगमध्ये मत पडलं की आता सगळा बचाव अर्व्हिंगवर तुटून पडणार, सोडून दे त्याला. मला उलट वाटलं. लांबचे हात गेले की क्वार्टरबॅक जवळच्या हाताकडे वळतो, आणि झेलाला गुण असलेल्या लीगमध्ये ते वाईट नसतं. पण खात्रीने सांगण्यासारखं काही नव्हतं. पुढचे तीन आठवडे तो कधी आत, कधी बाकावर. दर रविवारी दुपारी बारा वाजता माझा हात फोनवर आणि नवरा विचारायचा, "आज कोण आजारी?"

मग आला बकनिअर्सचा सुट्टीचा आठवडा, १७ नोव्हेंबर. त्याच सुमारास आमच्याकडे देवाणघेवाणीची मुदत संपत होती आणि मला एक प्रस्ताव आला: अर्व्हिंग दे, त्याबदल्यात एक अनुभवी रिसीव्हर घे, दर आठवड्याला दहा-बारा गुण ठरलेले. माझा संघ काठावर होता. पहिल्या सहांना बाद फेरी मिळते आणि मी सहा-सातच्या मध्ये लोंबकळत होते. त्या शनिवारी मी स्वयंपाकघराच्या टेबलावर सगळे आकडे मांडून बसले.

पहिली गोष्ट, कल. चेंडू हातात येण्याचं प्रमाण सप्टेंबरच्या मानाने वाढलं होतं, आणि व्हाइट तंदुरुस्त असतानाही वाढलं होतं. यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. समोरचा जायबंदी आहे म्हणून मिळालेली संधी उसनी असते. तो उभा असताना मिळालेली आपली. दुसरी गोष्ट, गोलरेषेजवळ प्रशिक्षक आता त्याच्याकडे बघत होते. तिसरी, व्हाइटचं काय होणार? तो जाणार नव्हता. झेल घेण्यात, अडवण्यात तो चांगला होता आणि मुख्य प्रशिक्षक टॉड बोल्स त्याला बसवून ठेवणार नाहीत हे उघड होतं. म्हणजे अर्व्हिंग एकटा मालक कधीच होणार नव्हता. मी स्वतःला विचारलं की वाटणीतला मोठा वाटा पुरेसा आहे का. सरासरी पाचच्या पुढे असेल तर पंधरा वेळासुद्धा पुरेसं आहे, असं उत्तर आलं.

आणि शेवटची गोष्ट, वेळापत्रक. सुट्टीनंतर जायंट्स, पँथर्स, रेडर्स, चार्जर्स, काउबॉइज आणि पुन्हा पँथर्स. शेवटचे तीन आमच्या बाद फेरीचे आठवडे. आमच्या पँथर्सबद्दल शार्लटमध्ये राहून काय बोलावं. धावण्याच्या खेळात त्या सीझनला सगळ्यात जास्त यार्ड देणारा बचाव त्यांचा होता, आणि सीझन संपेपर्यंत ५३४ गुण देऊन त्यांनी एनएफएलचा विक्रमच केला. असा प्रतिस्पर्धी सहा आठवड्यांत दोनदा मिळत असेल तर रनिंग बॅक विकायचा नसतो. मी नम्रपणे नाही म्हटलं. समोरच्याने उत्तर म्हणून फक्त एक खांदे उडवणारा इमोजी पाठवला.

२४ नोव्हेंबरला जायंट्सविरुद्ध १२ वेळा ८७ यार्ड, एक टचडाउन, वर ६ झेल आणि ६४ यार्ड. आमच्या हिशेबाने २७.१ गुण.

पुढचा सामना शार्लटमध्येच होता, १ डिसेंबर, थँक्सगिव्हिंगनंतरचा रविवार. पँथर्सची तिकिटं तशीही स्वस्त झाली होती; वरच्या मजल्यावरची दोन आम्हाला फी धरून सव्वाशे डॉलरच्या आत मिळाली, पार्किंग चाळीस. आपल्याकडच्या बायकांसाठी सूचना: स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवी किंवा हाताएवढी छोटी पर्सच चालते. मोठी पर्स नेलीत तर गाडीपर्यंत परत चालत जावं लागतं. आणि लोकरी टोपी न्या, चारचा सामना असला तरी पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो आणि वरच्या मजल्यावर वारा झोंबतो.

मी तिथे चेंडू बघायला गेलेच नव्हते. मी सात नंबर आणि एक नंबर बघायला गेले होते, म्हणजे अर्व्हिंग आणि व्हाइट. स्टेडियममध्ये जे दिसतं ते टीव्हीवर कधीच दिसत नाही: दोन खेपांच्या मध्ये कोण पळत आत येतो, कोण हेल्मेट काढून कडेला उभा राहतो. पहिल्या अर्ध्यात मी तिकिटाच्या प्रिंटच्या मागे रेघा मारत होते, सातच्या वेगळ्या, एकच्या वेगळ्या. सातच्या रेघांनी कागद भरत गेला. तिसऱ्या डाउनला अजूनही बऱ्याचदा एक नंबर आत यायचा, पण पहिल्या-दुसऱ्याला सात.

आणि त्याचं धावणं. टीव्हीवर तो छोटा दिसतो, वरून बघितलं तर तो मध्येच दिसेनासा होतो. पुढच्या फळीच्या पाठीमागे हा गडी जवळजवळ थांबतो, पावलं जागच्या जागी टाकतो, समोर फट पडते ना पडते तोच कुशीतून निघतो. पकडणाऱ्याचा हात मांडीवर पडतो आणि घसरतो. पहिल्याच धक्क्याला खाली गेला असं फार कमी वेळा झालं. प्रत्येक वेळी मला वाटायचं की दोन यार्ड झाले, आणि फलकावर पाच-सहा यायचे. चाचण्यांच्या तक्त्यात हे मोजायला रकाना नाही.

सामना जादा वेळेत गेला. पँथर्सच्या चुबा हबर्डच्या हातून चेंडू सुटला तेव्हा आजूबाजूचे सगळे डोकं धरून बसले आणि मी ओठ घट्ट मिटून घेतले, कारण पुढच्या खेपा सात नंबरच्या असणार हे मला ठाऊक होतं. तशाच झाल्या. मग बकनिअर्सच्या चेस मॅक्लॉक्लिनने किक मारली, २६-२३. अर्व्हिंगचे २५ वेळा १५२ यार्ड, एक टचडाउन, तीन झेलांचे ३३. २७.५ गुण. घरच्या प्रेक्षकांत बसून परक्या रनिंग बॅकसाठी आनंदी होणं हे एक अवघडलेलं सुख आहे. नवऱ्याने गाडीत बसल्यावर विचारलं, "म्हणजे आपण हरलो की जिंकलो?"

वाटलं, झालं, प्रश्न सुटला. पुढच्याच रविवारी रेडर्सविरुद्ध सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि अर्व्हिंग पाठीच्या दुखण्याने बाहेर गेला. परत आलाच नाही. व्हाइटने त्या दिवशी मैदान गाजवलं, आणि व्हाइट लीगमध्ये दुसऱ्याकडे होता. त्याच दिवशी फिलाडेल्फियात जॉनथन ब्रुक्सचा तोच गुडघा पुन्हा गेला. बावीस वर्षांचाही नाही तो पोरगा. आमच्या लीगच्या गटात नेहमी टिंगल चालते, त्या संध्याकाळी कुणीच काही लिहिलं नाही.

त्या आठवड्याचा सामना मी हरले, तरी इतरांच्या निकालांनी सहावी जागा मिळाली. आणि सुरू झाला दुखापतींच्या यादीचा आठवडा. ही यादी वाचायची कशी ते सांगते. रविवारच्या सामन्यासाठी बुधवार, गुरुवार, शुक्रवार अशी तीन दिवस सरावाची नोंद येते: पूर्ण, मर्यादित किंवा नाहीच. बुधवारच्या नोंदीने घाबरू नका, पुष्कळांना तेव्हा नुसतीच विश्रांती देतात. शुक्रवारी काय लिहिलंय ते खरं. शुक्रवारीच शेरा मिळतो: शंका, दाट शंका किंवा बाहेर. आणि सामन्याआधी नव्वद मिनिटं अंतिम यादी लागते की कोण खेळणारच नाही. चार वाजताच्या सामन्याची यादी अडीच वाजता येते, तेव्हा एक वाजताचे खेळाडू कुलूपबंद झालेले असतात. म्हणून शंकेतला खेळाडू उशिराचा असेल तर त्याला फ्लेक्समध्ये ठेवा, म्हणजे आयत्या वेळी त्याच्या जागी कुणालाही बसवता येतं. उलट गुरुवारी खेळणाऱ्याला फ्लेक्समध्ये कधीच अडकवू नका. ही एक सवय मला सीझनभरातल्या कुठल्याही अंदाजापेक्षा जास्त उपयोगी पडली.

१५ डिसेंबरला बकनिअर्स लॉस एंजेलिसला चार्जर्सविरुद्ध. अर्व्हिंग खेळणार हे कळलं, पण खेळणार म्हणजे किती खेळणार? माझ्याकडे दुसरा पर्याय होता तो महिनाभर सात-आठ गुणांच्या वर गेला नव्हता. मी ज्येष्ठांना विचारलं. ते म्हणाले, "दुखरा असूनही त्यांनी त्याला विमानात बसवलंय. तू कशाला उतरवतेस?" १५ वेळा, ११७ यार्ड. मी पुढच्या फेरीत.

२२ डिसेंबरला, उपांत्य फेरीत, माझ्यासमोर फिलाडेल्फियाचा रनिंग बॅक सेक्वॉन बार्कली ज्याच्या संघात होता तो. त्या वर्षी बार्कलीने २००५ यार्ड काढले, त्यातले १५० त्या दुपारी वॉशिंग्टनमध्ये, दोन टचडाउनसकट. रात्री डॅलसमध्ये अर्व्हिंगने ६८ यार्ड आणि एक टचडाउन दिला, पण खड्डा भरण्यासारखा नव्हता. मी दहा वाजताच टीव्ही बंद केला. वाईट वाटलं, अगदी खोटं कशाला बोलू. नाताळच्या सुट्टीत दोन दिवस मी ॲप उघडलं नाही.

राहिला तिसऱ्या जागेचा सामना, २९ डिसेंबर, बकनिअर्स आणि पँथर्स, टँपामध्ये. पँथर्स असल्यामुळे तो इथे साध्या टीव्हीवर लागला, वेगळे पैसे मोजावे लागले नाहीत. ४८-१४. अर्व्हिंगचे धावून ११३, झेलांचे ७७. माझे ५० डॉलर परत आले. स्टेडियमचा खर्च धरला तर अर्थात घाट्यातच आहे, पण तो मी करमणुकीच्या खात्यात लिहिला आहे.

खऱ्या सीझनअखेर अर्व्हिंगच्या नावावर ११२२ यार्ड, ८ टचडाउन, ४७ झेल, आणि सरासरी ५.४. आता २०२५ च्या ऑगस्टमध्ये तो बाराव्या राउंडला मिळण्याची शक्यता शून्य, दुसऱ्यातच जाईल. तेव्हा त्याला घ्यायचा का, हे नव्याने तपासावं लागेल, कारण २०२५ च्या जानेवारीत लिअम कोएन जॅक्सनव्हिलला मुख्य प्रशिक्षक म्हणून गेले. फळी तीच राहिली तरी कुणाला केव्हा आत पाठवायचं हे ठरवणारा माणूस बदलला. व्हाइटही तेव्हा संघात होताच. मी वहीत त्याच्या नावाखाली जागा सोडून ठेवली आहे आणि एप्रिलच्या ड्राफ्टनंतर चौथ्या फेरीपासून खालची नावं उतरवायला सुरुवात करणार आहे. आमच्या लीगमधली एक जागा यंदा रिकामी होते आहे, कारण ते ज्येष्ठ मेमध्ये निवृत्त होत आहेत. फी तीच, ५० डॉलर. शार्लटमधल्या कुणाला यायचं असेल तर कळवा, मात्र ड्राफ्टच्या रात्री गणपतीची आरती आली तर तारीख बदलून मिळणार नाही.